सात रेघांची माशी

जोतीरामतात्यांना चिडवायचं असेल तर बारामतीत दोनच गोष्टी पुरेशा होत्या. कीर्तन रंगात आलं असताना मोबाइल वाजू द्यायचा, नाहीतर बंदुकीला पंचामृतानं आंघोळ घालायची.

पहिल्या गोष्टीवर ते नुसते वळून बघत, आणि तेवढं पुरे होई. दुसरीवर मात्र त्यांची जीभ सुटायची. दरवर्षी खंडेनवमीला घरोघरी पाटावर हत्यारं मांडली जातात. कोयता, विळा, पाना, ट्रॅक्टरची किल्ली आणि ज्याच्याकडं परवाना असेल त्याचं रिव्हॉल्वर. फूल वाहावं, हळदकुंकवाचं बोट लावावं, याला तात्यांची ना नव्हती. गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस, तो पूजेला कशाला नाही म्हणेल? पण लोक तिथं थांबत नसत. दूध, दही, तूप, मध, साखर, वर केळ्याचे काप. बाळकृष्णाला न्हाऊ घालावं तसं लोखंडाला न्हाऊ घालायचं, तसंच ओलं चामड्याच्या म्यानात सरकवायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. दिवाळी सरली की ती चिकट, तांबारलेली हत्यारं मंडईमागच्या बोळातल्या तात्यांच्या दुकानात यायची.

"आरं, लोखंड हाय त्ये. त्येला दूध प्यायची सवय न्हाय," असं म्हणत तात्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची अक्कल काढायचे. दुकानात त्यांनी पाटीच लावली होती : 'पंचामृत लावलेले हत्यार दुरुस्तीस घेतले जाणार नाही.' पाटीखाली बसून ते अशी हत्यारं दुरुस्त करत असत, ही गोष्ट वेगळी. वालचंदनगरला कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला हात, वडिलांकडून आलेला शस्त्र दुरुस्तीचा परवाना आणि दोन तालुक्यांत या कामाला दुसरं दुकान नाही. लोक शिव्या ऐकून घेत. पाया पडून जात.

तात्यांचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्या रागाचा कुणी उपयोग करून घेईल, हे मात्र त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

पौषात निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची, हा दर वेळचा शिरस्ता. एका सोमवारी सकाळी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली आणि विजयसिंह उतरला. इंदापूरकडचा बागाईतदार, ऊसवाहतुकीचे चार ट्रॅक्टर, पस्तिशीतला गडी. त्याचे वडील महिपतीआबा तात्यांचे जिवाभावाचे दोस्त. आबा जाऊन सहा वर्षं झाली, पण विजयसिंह अजून वाकून नमस्कार करायचा.

"तात्या, वाईच काम हुतं. आबांच्या रिव्हॉल्वरची माशी तुटलीय."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचं ते लहानसं उभं पातं, ज्यावरून नेम धरतात. नळीच्या पाठीवर खाच असते, पातं खाचेत बसतं आणि आडवी पिन त्याला धरून ठेवते. तात्यांनी हात पुढं केला. रिव्हॉल्वर म्यानातून बाहेर आलं आणि त्याबरोबर दह्याचा आंबट वास आला.

तात्यांचा चेहरा बदलला.

"इजू."

"तात्या, चुकलं."

"तुझ्या बापानं उभ्या जन्मात ह्येच्यावर पाण्याचा थेंब पडू दिला न्हाय. आन् तू काय केलंस? दही घातलंस?"

"घरच्या बायकांनी खंडेनवमीला..."

"बायकांवर ढकलू नगंस. बायकांच्या नावावर परवाना हाय का? मध घातलास? आरं, मध पोळीवर घालत्यात. हे बघ, हितं केळ चिकटलंय. केळ. रिव्हॉल्वरला केळ चारतोस, उद्या ट्रॅक्टरला शिरा चारशील."

तात्यांनी आधी फिरत्या नळकांड्यातली गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याची खात्री केली. राग कितीही आला तरी ते विसरत नसत. मग टोकाकडं नजर टाकली. पात्याचा वरचा भाग नव्हता, बुंधा तेवढा खाचेत उरलेला, आणि सगळ्यावर तांबडा गंज. ते बघून पारा आणखी चढला, कारण ती माशी त्यांनी स्वतःच्या हातानं घडवली होती. बोळाच्या तोंडाशी असलेल्या चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी दहा मिनिटं बोलून घेतलं. विजयसिंह मान खाली घालून उभा होता. मधेच म्हणाला, "व्हय तात्या." मधेच म्हणाला, "आमचंच चुकलं."

शेवटी त्यानं हळूच विषय काढला. "जमा करायला गेलो की ठाण्यात इचारतील, माशी कशानं तुटली. पावतीवर कारण लिवून द्या की."

"लिवतो की. चांगलं ठळक लिवतो. वाचू दे समद्यांना तुझी हुशारी."

तात्यांनी पावतीपुस्तक ओढलं आणि कागद फाटेल इतक्या जोरानं लिहिलं : 'खंडेनवमीच्या दिवशी पंचामृत घातल्याने गंजून माशी तुटली. नवी बसवण्यास घेतली. हा शुद्ध मूर्खपणा आहे.' खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का. तेच शब्द रजिस्टरात.

विजयसिंहानं पावती दोनदा वाचली. "खंडेनवमी लिवलं न्हवं? झाक. मूर्खपणाबी ऱ्हाऊ द्या," असं म्हणून तो हसला, पाया पडला आणि उद्या दुपारी नेतो म्हणून निघून गेला.

जेवण उरकून तात्या कामाला बसले. शिकंज्याच्या जबड्यांना चामडं लावून त्यांनी नळी अलगद धरली. गंजलेली पिन म्हणजे दिवसभराचं काम. रॉकेल सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं, आणि देवाचं नाव घेत ठोकायचं. त्यांनी रॉकेलची कुपी, बारीक पंच, छोटी हातोडी जवळ घेतली. सहज अंदाज घ्यायला म्हणून पिनच्या डोक्यावर पंच टेकवला आणि एक टिचकी मारली.

पिन हलली.

दुसऱ्या टिचकीला ती पलीकडून बाहेर आली आणि कापडावर पडली. तात्यांनी ती चिमटीत धरून उजेडात नेली. नव्या सुईसारखी चकचकीत. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी ग्रीसचं बोट लावून बसवली होती, ते ग्रीससुद्धा अजून तसंच होतं.

मग त्यांनी बुंधा काढला आणि वरचा गंज अंगठ्यानं पुसला. कुंकू पुसलं जावं तसा तो पुसला गेला. खाली लोखंड स्वच्छ. भिंग डोळ्याला लावून त्यांनी तुटलेली कड पाहिली. गंजून तुटलं असतं तर कड काळी, खाल्लेली दिसली असती. ही पांढरी होती, साखरेच्या दाण्यासारखी लुकलुकत होती. कड एका बाजूला कललेली. आडवा दणका बसून मोडलेलं पातं. दोन-चार दिवसांतलं.

आणि वास. खंडेनवमी होऊन तीन महिने लोटले होते. तीन महिन्यांचं दही वास मारत नाही, वाळून त्याचा खडू होतो. हे काल घातलेलं दही होतं.

तात्यांनी खाच भिंगाखाली धरली. बुंधा जिथं बसला होता, त्या फटीत लोकरीचे तीन-चार धागे अडकले होते. अबोली रंगाचे.

समोरच्या खिळ्याला त्यांचा स्वतःचा मफलर लटकत होता. अबोली रंगाचा. गेल्या साली सप्ताह झाल्यावर पिंपळीच्या भजनी मंडळानं एकसारखे वीस मफलर आणले होते आणि टाळकऱ्यांना, पखवाजवाल्याला वाटले होते. पखवाजवाला म्हणजे भीमा. भीमा विजयसिंहाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता.

परवाच्या एकादशीला पखवाज खोळीतच राहिला होता. कुणीतरी म्हणालं, भीमा ट्रॉलीच्या हुकावर पडला, गालाला बारा टाके पडले. "देवा, सांभाळ रं," असं म्हणून तात्यांनी टाळ उचलले होते. पखवाजाविना कीर्तन अळणी झालं, एवढीच हळहळ त्यांना त्या वेळी वाटली होती.

आता तात्यांना विजयसिंहाचा राग आला, पण तो पहिल्या घोटाएवढाच. त्यामागून आलेला राग मोठा होता आणि तो कुणावर काढायचा हे त्यांना कळेना. त्या माणसानं लोखंड दह्यात बुडवून आणलं होतं. त्याला ठाऊक होतं, दह्याचा वास आला की जोतीराम ओरडेल, आणि ओरडणारा माणूस नीट बघत नाही. तीस वर्षं केसाच्या जाडीचा फरक बघणारा डोळा, आणि त्यानं काय केलं? तर सही केली.

रिव्हॉल्वर लोखंडी कपाटात कुलूपबंद करून, बुंधा कागदाच्या पुडीत बांधून तात्यांनी चार वाजताच शटर ओढलं आणि स्कूटर पिंपळीकडं काढली.

भीमाचं घर कॅनॉलच्या कडेला. दारात त्याची बायको कुशाबाई तांदूळ निवडत होती. भीमा आत बाजेवर पडला होता, उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता, त्यावर पट्टी. तात्यांना बघून तो उठायला लागला.

"पड. कशानं लागलं?"

"ट्रॉलीच्या हुकानं." अर्ध्या तोंडानं बोलत होता.

"कंच्या ट्रॉलीच्या?"

"म्हागल्या."

"खोटं बोलायचं तर नीट बोल. म्हागल्या ट्रॉलीच्या हुकाशी ड्रायव्हरचं तोंड कसं जाईल?"

कुशाबाईनं सूप खाली आपटलं. "तात्या, कशानं न्हाय लागलं त्ये तुमीच लिवून दिलंय. मग आता इचारायला कशाला आलाय?"

तिनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. तात्यांची पावती. तात्यांचं अक्षर, शिक्का, शुद्ध मूर्खपणासकट. "सकाळी अकराला धाडलाय ह्यो फोटू. म्हागनं फोन. म्हणला, माशी दसऱ्यालाच तुटलीया, जोतीतात्यांची सही हाय. आता सांगा म्हणला कुणाला सांगायचं त्ये. तुमच्या मंडळातल्याच माळकऱ्याचा शबूद हाय."

तात्या उंबऱ्यावर बसले.

मग तिनंच सगळं सांगितलं. एकादशीला दुपारी फडावर ट्रॉल्या भरून झाल्या. भीमा म्हणाला, गाडी सकाळी काढतो, आज कीर्तनाला पखवाजाला मीच हाय. विजयसिंह म्हणाला, ढोलकं बडवायला माझा ऊस वाळत ठेवतोस का? भीमा म्हणाला, ढोलकं नव्हं मालक, पखवाज. एवढंच बोलला. विजयसिंहानं कमरेचं हत्यार काढलं आणि नळीनं त्याच्या तोंडावर हाणलं. तोडणीची माणसं बघत होती. मफलर तोंडाला गुंडाळलेला होता म्हणून डोळा वाचला.

"बास की आता," भीमा म्हणाला. "तात्या, तुमच्या पाया पडतो. राग सोडा. महाराज सांगत्यात न्हवं, राग गिळावा म्हणून."

"त्ये महाराज मला सांगत्यात, तुला न्हाय. तुझा राग हाय कुठं गिळायला? तू भ्यालाईस, भीमा. भिणं येगळं आन् माफ करणं येगळं."

भीमानं मान वळवली. सुजेमुळं त्याला पुरतं वळता येत नव्हतं. "भ्यालोय. व्हय. माझी भाकर हाय तितं. तुमी न्हाय भ्याला, मग ही सही कशापायी केलीसा?"

रागापायी केली, हे सांगायची त्यांना लाज वाटली.

कुशाबाई आत गेली आणि देवळीतला कुंकवाचा करंडा घेऊन आली. बोटानं कुंकू बाजूला सारून तिनं हरभऱ्याच्या डाळीएवढा लोखंडाचा तुकडा काढला. "मफलर धुताना गावला. फेकवंना."

तात्यांनी खिशातली पुडी सोडली. त्यांच्या तळहातावर तिनं तुकडा ठेवला आणि त्यांनी शेजारी बुंधा टेकवला. सव्वीस वर्षांपूर्वी महिपतीआबा झिजलेली माशी घेऊन आले होते. सुटा भाग कुठं मिळेना म्हणून तात्यांनी करवतीच्या जुन्या पात्यातून नवी घडवली. उन्हात चमकून डोळा फसू नये म्हणून तिच्या पाठीवर कानशीनं आडव्या रेघा काढल्या. आबा म्हणाले, सातच का? तात्या म्हणाले, सप्ताहाचे सात दिवस. दोघं खूप हसले होते. पातं तापवून पाणी देताना ते वाजवीपेक्षा जरा जास्तच कडक झालं होतं, हे तात्यांना तेव्हाही जाणवलं होतं. नेम धरण्यापुरतं ठीक, असं म्हणून सोडून दिलं. माणसाच्या गालावर मारण्यासाठी ते घडवलंच नव्हतं.

बुंध्यावर तीन रेघा होत्या. कुंकवातल्या तुकड्यावर चार. कड कडेला लागली.

"दे माझ्याकडं," तात्या म्हणाले.

कुशाबाईनं तुकडा उचलून मूठ मिटली. "न्हाय. तुमच्या हातनं एकडाव सही गेलीया."

"बरं. मग तूच घिऊन ये. उद्या दहाला, दुकानात. न्हाय आलीस तरी मी माझं लिवणार हाय."

तिनं भीमाकडं पाहिलं. भीमा भिंतीकडं तोंड करून पडला होता.

घरी तात्यांनी म्हाळसाबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "परवाना जाईल तुमचा."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? सासऱ्यांच्या येळंपासनं हाय." भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "दुकान गेलं तर दिवसभर घरात बसून माझ्यावर वरडू नगा, म्हंजे झालं."

सकाळी तात्यांनी दुकान उघडलं, बुक्का लावला, आणि हत्यारं जमा करून घेण्याचं काम ज्यांच्याकडं होतं त्या हवालदार रेश्माताईंना फोन केला. त्या येईपर्यंत रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशीची नोंद खोडली नाही. तिच्याखाली सावकाश, नीट अक्षरात लिहिलं : 'वरील कारण मी हत्यार न तपासता, रागाच्या भरात लिहिले. ते खोटे आहे. पिन गंजलेली नाही. मोड ताजी असून आडवा आघात झालेला आहे. खाचेत लोकरीचे धागे सापडले. नवी माशी बसवलेली नाही.'

रेश्माताईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. "तात्या, हे लिहिलंत ते बरं केलंत. पण पहिली पावती तुम्ही शिक्क्यानिशी दिलीय. खोटी नोंद म्हणून तुमच्या परवान्यावर येणार हे."

"यिऊ द्या. तुमी पंचनाम्यात घ्या."

"आणि मारहाण इंदापूरच्या हद्दीतली. कागद तिकडं जाणार. आणि ज्याला लागलंय तो माणूस काही बोलला नाही तर या रेघांचं मी काय करू?"

तात्यांनी घड्याळाकडं बघितलं. दहा वाजून गेले. सव्वादहा झाले. साडेदहाला रिक्षा थांबली. कुशाबाई पदराच्या गाठीला हात लावूनच उतरली. तिच्यामागून भीमा. धुतलेला अबोली मफलर तोंडाभोवती गुंडाळलेला, उजव्या बाजूला एक बारीक भोक.

तिनं गाठ सोडून तुकडा टेबलावर ठेवला. रेश्माताईंनी भिंग घेऊन रेघा मोजल्या, फोटो काढले. मग भीमाकडं वळल्या. "यांनी लिहिलंय ते खरं आहे का? तुम्हाला या रिव्हॉल्वरनं मारलं?"

भीमा दाराकडं बघत होता. कुशाबाई सरकून दारात आडवी उभी राहिली, त्याला बाहेरचं दिसू नये म्हणून.

"व्हय," भीमा म्हणाला.

तासाभरात चहावाला आणि शेजारचा रसवंतीवाला पंच म्हणून सह्या करून गेले. रिव्हॉल्वर, बुंधा, तुकडा, पिन आणि धागे वेगवेगळ्या पाकिटांत लाखेनं बंद झाले. रेश्माताई भीमाला आणि कुशाबाईला जबाबासाठी ठाण्यात घेऊन गेल्या.

दुपारी पांढरी गाडी आली.

"झालं का तात्या?" विजयसिंह हसत आत आला. "आज जमा करून टाकतो."

"केलं."

"काय केलं?"

"जमा. तुला जमा करायचं हुतं न्हवं? पंचनाम्यासकट जमा झालं. तुझी पिन चकचकीत निघाली, इजू. दही वरच्या वर ऱ्हायलं."

विजयसिंहाचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर विसरून राहिल्यासारखं थोडा वेळ राहिलं. "पावती हाय माझ्याजवळ. तुमच्या सहीची."

"हाय की. तिच्याखाली आता दुसरी सही हाय. तीबी माझीच."

"म्हंजे तुमी खोटी पावती देता, असंच झालं. परवाना ऱ्हाईल का तुमचा?"

"न्हाय ऱ्हाणार."

"एका ड्रायव्हरसाठी? आबांचे दोस्त तुमी. आबा असते तर..."

"आबांचं नाव घिऊ नगंस." तात्या उठले. "तुझा बाप कीर्तनाला आला की आधी कमरंचं हत्यार काढून माझ्या पिशवीत द्यायचा. म्हणायचा, जोत्या, हे ठेव, ह्येच्यासकट देवाफुडं उभं ऱ्हायला लाज वाटती. आन् तू त्याच हत्यारानं कीर्तनाला निघालेल्या माणसाचं त्वांड फोडलंस. ढोलकं म्हणलास. पंधरा वर्सं त्यो माणूस तुझ्या बापाच्या शेजारी उभा ऱ्हाऊन वाजवत हुता. तुझ्या बापाला खांदा दिला त्येनं."

"मोठ्यानं बोलू नगा, तात्या. लोकं बघत्यात."

"बघू दे. काल बघितलं तवा बरं वाटलं न्हवं तुला? माझ्या वरडण्याचा आडोसा करून सही घेतलीस. आज बिनआडोशाचं ऐक."

विजयसिंह एक पाऊल पुढं आला. "दुकान बंद करीन तुमचं."

"त्ये मी सकाळीच केलंय."

बोलता बोलता तात्यांचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडं गेलं. त्यात छोटी हातोडी होती. कधी उचलली ते त्यांना आठवेना. मूठ घट्ट, मनगट वर चढलेलं, आणि समोर हातभर अंतरावर विजयसिंहाचा गाल. विजयसिंहालाही ती दिसली होती. तो थबकला होता. तात्यांना त्या गालाचा एवढा राग आला होता की दातावर दात दाबून धरावे लागले. त्यांनी खण उघडला, हातोडी आत ठेवली, खण लावला आणि त्यावर हात दाबून उभे राहिले.

"जा," ते म्हणाले. "आता जा इजू. मला लई वेळ जमायचं न्हाय."

विजयसिंह गेला. जाताना त्यानं ती पाटी ओढून बोळात फेकली. तात्यांनी ती उचलून आणली, पुसली आणि पुन्हा खिळ्याला लावली. दुकान उघडं राहो न राहो, पंचामृताबद्दल त्यांचं मत बदललेलं नव्हतं.

पुढं व्हायचं ते झालं. कागद इंदापूरला गेले, विजयसिंहाला अटक झाली, चार दिवसांत तो जामिनावर बाहेर आला आणि तारखा सुरू झाल्या. चौकशी पुरी होईपर्यंत तात्यांचा परवाना स्थगित झाला. भीमाचं ट्रॅक्टरवरचं काम गेलं. सोमेश्वरनगरच्या एका वाहतूकदाराकडं तो बदली ड्रायव्हर म्हणून लागला, मिळेल त्या दिवशी. तात्या दोनदा त्याच्या घरी गेले. दोन्ही वेळा भीमा घरात असूनही बाहेर आला नाही.

पुढच्या एकादशीला तात्या टाळ घेऊन देवळात उभे राहिले. पखवाज अजून खोळीतच होता. कीर्तनकार येऊन बसले, विणेकऱ्यानं वीणा घेतली. तेवढ्यात कुशाबाई बायकांच्या बाजूनं पुढं आली आणि पखवाजापाशी एक वाटी ठेवून गेली. वाटीत मळलेल्या कणकेचा गोळा होता. कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावल्याशिवाय त्याचा घुमारा उठत नाही. कणीक आली म्हणजे वाजवणारा आला.

भीमा आला. गालावरचे टाके निघाले होते, व्रण ओठापर्यंत उतरला होता. त्यानं खोळ काढली, कणीक पाण्याच्या हातानं लावली, थाप मारून बघितली. तात्यांकडं त्यानं बघितलं नाही.

त्या दिवशी महाराजांनी निरूपणाला क्रोधच घेतला होता. राग माणसाला आतून कसा जाळतो ते ते गोड गळ्यानं गाऊन, थांबून, हसवून सांगत होते. तात्यांना असं कीर्तन जीव की प्राण. एरवी त्यांचे डोळे भरून आले असते. आज ते ऐकत होते, पटत होतं, आणि तरीही छातीतला निखारा जागचा हलत नव्हता. देवा, मी तो सोडत नाही असं नाही, त्यांनी मनात म्हटलं, पण भीमाचा गाल बघ एकदा.

गजर सुरू झाला तसे त्यांचे टाळ चढले. इतके की महाराजांनी गाता गाता मागं वळून बघितलं आणि हातानं खूण केली. "तात्या, जरा हळू."

तात्यांनी हात आवरला. पखवाज मात्र हळू झाला नाही.